जत्ती, बसप्पा दानप्पा
जत्ती, बसप्पा दानप्पा : (१० सप्टेंबर १९१२–७ जून २००२). भारताचे पाचवे उपराष्ट्रपती व १९७७ मधील हंगामी राष्ट्रपती. जन्म जमखंडी तालुक्यातील सावळगी येथे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पदवी व तेथेच कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी जमखंडी येथे वकिली सुरू केली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात ते मंत्री व पुढे दिवाण झाले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ च्या निवडणुकीनंतर ते मोरारजी देसाई यांच्या मुंबई मंत्रिमंडळात आरोग्य व मजूर खात्यांचे उपमंत्री होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते म्हैसूर राज्यात गेले. तेथील जमीनसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९५८–६२ या काळात ते मुख्यमंत्री होते व १९६१ चा जमीनसुधारणा कायदा त्यांच्याच कारकीर्दीत संमत झाला. पुढे पाँडिचेरीचे नायब राज्यपाल (१९६८–७२), ओरिसाचे राज्यपाल (१९७२–७४) ही पदे सांभाळून ऑगस्ट १९७४ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले.

११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाल्याने संविधानाच्या ६५ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतिपदाची कार्ये जत्ती यांच्याकडे आली. निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाल्यावर २१ मार्चला त्यांनी अंतर्गत आणीबाणी मागे घेतल्याची उद्‌घोषणा काढली आणि २४ मार्चला मोरारजी देसाई यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली. एके काळी ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांनाच शपथ देण्याचा योग त्यांच्या वाट्यास आला.

खरा पेच एप्रिलमध्ये उद्‌भवला. नऊ राज्यांतील काँग्रेसची सरकारे दूर करून विधानसभा विसर्जित कराव्यात, असा सल्ला नव्या मंत्रिमंडळाने दिला. काही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेले दावे २९ एप्रिलला फेटाळले गेले. तरीही जत्ती यांनी लगेच सही केली नाही. ते स्वतः काँग्रेसचे असल्याने या विलंबावर टीका झाली. परंतु १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्टपणे बंधनकारक केला होता. ३० एप्रिल रोजी त्यांनी उद्‌घोषणांवर स्वाक्षरी केली. सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मिळाला. त्यामुळे जत्ती यांचा हा प्रसंग राष्ट्रपतिपदाच्या मर्यादांच्या चर्चेत महत्त्वाचा मानावा लागतो.

२५ जुलै १९७७ रोजी नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाल्यावर जत्ती उपराष्ट्रपतिपदाच्या कामाकडे परतले व ऑगस्ट १९७९ मध्ये निवृत्त झाले. बसवेश्वरांच्या विचारांच्या प्रसारासाठी १९६४ मध्ये त्यांनी बसव समिती ही संस्था स्थापिली होती. बंगलोर येथे ते निधन पावले.