जळून राखणारें कवच

निरभ्र रात्रीं आकाशांतून उल्का तुटते, क्षणभर तेजाची रेघ ओढते आणि नाहींशी होते. वातावरणांत अतिवेगानें शिरणाऱ्या वस्तूची काय दशा होते, हें मनुष्य हजारों वर्षें पाहत आला. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र शास्त्रज्ञांपुढें प्रश्न पडला कीं, आकाशांत धाडलेली वस्तु जळूं न देतां परत कशी आणावी?

क्षेपणास्त्राचें टोंक जितकें अणकुचीदार तितकें उत्तम, असा तेव्हां समज होता. १९५१ मध्यें अमेरिकेंतील एम्स प्रयोगशाळेच्या ज्यूलियन ॲलन यांनीं तो उलटा ठरविला. बोथट वस्तूपुढें हवा दाबली जाऊन प्रबळ आघाततरंग उठतो. उष्णतेचा मोठा भाग त्या हवेबरोबरच बाजूस निघून जातो; वस्तूपर्यंत थोडाच पोहोंचतो.

परंतु तो थोडा भागही धातु वितळविण्यास पुरेसा होता. प्रथम तांब्याचीं जाड कवचें योजण्यांत आलीं. तीं उष्णता शोषून घेत, पण फार जड होत. मग निराळी युक्ति पुढें आली. कवच न जळणारें नसावें, सावकाश जळणारें असावें! कांचतंतु व राळ यांचें मिश्रण तापलें कीं राळेंतून वायु निघून तप्त हवेस दूर सारतात. मागें कोळशाचा थर उरतो, आणि तो झिजतां झिजतां उष्णता घेऊन जातो.

२० फेब्रुवारी १९६२ रोजीं जॉन ग्लेन पृथ्वीस तीन प्रदक्षिणा घालीत असतां, कवच सैल झाल्याचा संकेत जमिनीवर मिळाला. कवचावर पट्ट्यांनीं बांधलेला रॉकेटांचा संच टाकून न देतां तसाच ठेवावा, म्हणजे पट्ट्या कवचास धरून राहतील, असें ठरलें. परततांना ग्लेन यांस खिडकीबाहेर जळते तुकडे उडतांना दिसले. ते संचाचे कीं कवचाचे, हें कळण्यास मार्ग नव्हता. यान समुद्रांत सुखरूप उतरलें. कवच शाबूत होतें. खोटा होता तो संकेत.

चंद्राहून परतणाऱ्या अपोलोचा वेग सेकंदास सुमारें ११ किलोमीटर होता. त्याच्या कवचाच्या जाळींतील तीन लाखांवर पोकळ्या कारागिरांनीं हातानें एकेक करून भरल्या.

१९८१ मध्यें प्रथम उडालेल्या शटल यानास मात्र वारंवार उडावयाचें होतें. त्यास जळून संपणारें कवच चालणार नव्हतें. म्हणून त्याच्या पोटास सिलिकातंतूंचीं हलकीं कौलें आणि पंखांच्या कडांस कार्बनाचें आवरण दिलें. १६ जानेवारी २००३ रोजीं उड्डाणाच्या वेळीं टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीस यान परततांना त्याच भगदाडांतून तप्त वायु आंत शिरले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर प्राणांस मुकले.

पुढें १५ जानेवारी २००६ रोजीं स्टारडस्ट यानाची कुपी सेकंदास १२.९ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरली. तिचें कवच कार्बनतंतु व राळ यांचें, म्हणजे पुन्हा जळणारेंच होतें. तें जळत राहिलें, आणि आंतील धूमकेतूची धूळ सुखरूप भूमीवर उतरली.