सोऱ्यापासून उपग्रहापर्यंत

काशीपासून पाटण्यापर्यंतच्या गंगाकाठच्या गावांत नोनिया लोक खारी माती गोळा करीत, ती पाण्याने धूत आणि ते पाणी आटवून सोरा काढीत. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन-चतुर्थांश भाग सोऱ्याचाच; त्यामुळे युरोपातील राष्ट्रांचा या मातीवर डोळा होता. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर हा व्यापार इंग्रजांच्या मुठीत गेला, आणि फ्रान्सला सोरा स्वतःच्या घरी बनविणे भाग पडले.

पॅरिसचा बर्नार्ड कुर्त्वा हा अशाच कारखानदारांपैकी एक. त्यासाठी लागणारे क्षार तो समुद्रशेवाळाच्या राखेतून मिळवी. १८११ साली त्या राखेच्या अर्कात गंधकाम्ल अंमळ अधिक पडले आणि जांभळी वाफ उसळली. थंड पृष्ठभागावर तिचे काळसर स्फटिक जमले. तेच आयोडीन.

स्फटिकाची वाफ सहज व्हावी, हा त्याचा गुण दोन शतकांनी उपयोगी पडला. उपग्रहाच्या विद्युत्-एंजिनात इंधनाच्या कणांना विद्युत्‌भार देऊन ते अतिवेगाने मागे फेकतात. यासाठी रूढ असलेला झेनॉन वायू दुर्मिळ, शिवाय मोठ्या दाबाखाली साठवावा लागतो. आयोडीन मात्र लहानशा डबीत घनरूप राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये अवकाशात गेलेल्या एका छोट्या चिनी उपग्रहाची कक्षा ‘थ्रस्टमी’ या फ्रेंच कंपनीच्या आयोडीन-एंजिनाने बदलून दाखविली.

एंजिन नसलेल्या उपग्रहाला दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला होता येत नाही. तोफांची भूक भागविताना हाती लागलेले द्रव्य आता अंतराळातील टक्कर टाळण्याच्या कामी येऊ शकते.