नाबोथाचा मळा आणि न्हावा शेवा

इज्रेल गावात राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो हवा होता. कशासाठी, तर भाजीपाला लावायला! बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकात ही गोष्ट येते. राजाने सुरुवातीला जबरदस्ती केली नाही. याहून चांगला मळा देतो, नको असेल तर रोख पैसे घे, म्हणाला. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचं वतन होतं. राजा घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. मग राणी ईजबेलने सूत्रं हाती घेतली. दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथावर देवाच्या आणि राजाच्या निंदेचा आळ आला आणि त्याच्याच गावकऱ्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

ही गोष्ट मला न्हावा शेवा आठवल्याशिवाय वाचता येत नाही.

आज न्हावा शेवा म्हटलं की कंटेनर, ट्रेलरच्या रांगा आणि अटल सेतू डोळ्यांपुढे येतात. मुळात न्हावा आणि शेवा ही दोन गावं. भोवती खाडी, भातशेती, मिठागरं. वस्ती आगरी, कोळी, कराडी लोकांची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली आणि पुढे बंदरही आलं. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: जमिनीचा रास्त भाव द्या आणि विकसित जमिनीत आमचाही वाटा ठेवा. त्यांचे नेते होते जासईचे दि. बा. पाटील. विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, ते तुम्हाला आठवत असेल. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले.

अहाबाला भाजी लावायची होती, इथे देशाला बंदर हवं होतं. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकणं अप्रामाणिक ठरेल. २६ मे १९८९ ला सुरू झालेल्या या बंदराने मुंबईचा भार हलका केला, लाखोंच्या पोटाची सोय केली. तरीही एक प्रश्न उरतोच. जमीन सोडायला नकार देणाऱ्याला आपण इतक्या सहज स्वार्थी कसं म्हणतो? 'विकासाच्या आड येतात', 'भाव वाढवून घ्यायला बसलेत' ही वाक्यं कुठल्याही भूसंपादनाच्या बातमीखाली सापडतील.

ख्रिस्ती परंपरेने हा प्रश्न उलटा धरला. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप अँब्रोस यांनी नाबोथावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. गोष्ट जुनी असली तरी ती रोज घडते आहे, असं सांगूनच ते सुरुवात करतात. त्यांच्या लेखी हावरा आहे तो अहाब. नाबोथाचा नकार कुठून येतो, हे लेवीय पुस्तकात दिसतं. जमीन देवाची, माणसं तिच्यावर पाहुणी, म्हणून ती कायमची विकायची नाही. नाबोथ 'माझं' म्हणतो तेव्हा त्यात मेलेले आजे असतात आणि अजून न जन्मलेली नातवंडंही.

इथपर्यंत शेतकऱ्यांची बाजू घेणं सोपं आहे. पुढचं जड जातं.

लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पीक अमाप आलं, ठेवायला जागा नाही, म्हणून हा म्हणतो, जुनी कोठारं पाडून मोठी बांधीन. त्याच रात्री तो मरणार असतो. आपण त्याचं मरण लक्षात ठेवतो. मला त्याचं बोलणं जास्त खटकतं. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव! बायको, शेजारी, कापणीला आलेले मजूर, कोणाचाही उल्लेख नाही. माणूस बोलतोय तोही स्वतःशीच. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांनी पापाचं वर्णन 'स्वतःकडेच वाकलेला माणूस' असं केलं, ते या शेतकऱ्याला नेमकं लागू पडतं. त्याआधी, चौथ्या शतकात, कप्पदुकियात दुष्काळ पडला होता. तिथल्या बासिल नावाच्या बिशपांनी याच गोष्टीवर प्रवचन दिलं आणि कोठारं हवीतच तर ती गरिबांच्या पोटात आहेत, असं सुनावलं.

आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना इरादापत्रं मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडला, म्हणजे गोळीबाराला तीस वर्षं उलटून गेली होती. तोवर सातबाऱ्यावरचा एक आजोबा वीस वारसांमध्ये विभागलेला. आणि वारसांच्या यादीत बहिणीचं नाव आलं की घरात शांतता पसरते, मग कोणीतरी हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा हक्क दिला. बायबलमध्ये हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे: सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असा देवाचा निर्णय येतो. जमिनीसाठी सरकारशी लढलेल्या घरात बहीण मात्र सही करून रिकाम्या हाताने सासरी परतत असेल, तर त्या घरातल्या 'आपलं' या शब्दाचं काय करायचं?

कोळ्यांची गोष्ट तर वेगळीच. समुद्राला सातबारा नसतो. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, लोक उरणच्या हनुमान कोळीवाड्यात आले. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि पुनर्वसनाचंच पुन्हा पुनर्वसन करा, ही मागणी कित्येक वर्षं चालली. ज्या पाण्यात जाळी टाकायची तिथे भराव पडला, पण जमीनधारक नसल्यामुळे साडेबारा टक्क्यांच्या हिशेबात ते पाणी कुठे येणार? २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश आणि हातात पडलेले पैसे यांत किती अंतर असतं, हे उरणच्या माणसाला सांगावं लागत नाही.

इज्रेलच्या गोष्टीत अहाब मळ्याचा ताबा घ्यायला निघतो, तेव्हा एलीया संदेष्टा त्याला तिथेच गाठतो. खून करून आता वतनही घेतलंस का, असं तोंडावर विचारतो. राजा हादरतो. कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो आणि देव त्याची शिक्षा पुढे ढकलतो. मळा नाबोथाच्या घराला परत मिळाल्याचं मात्र पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.