दाबपट्टीतील सूत : लवचिकता कुठून येते?

सुती क्रेप बँडेज ओढले की लांब होते, सोडले की आखडते. कापसाचा तंतू मात्र फारसा ताणला जात नाही. मग ही लवचिकता कुठली? ती पिळात आहे. ताण्याच्या सुताला जादा पीळ दिला की ते वळ्या घेऊन आखडते. ओढल्यावर फक्त त्या वळ्या उलगडतात.

पायाच्या जुनाट जखमेला दाब हवा, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. इंग्रज शल्यविशारद रिचर्ड वाइजमन याने 1676 साली त्यासाठी लेस बांधून आवळायच्या मोज्याचे वर्णन केले. पण मोजा न ताणणारा. सूज उतरली की सैल पडणार, पुन्हा आवळावा लागणार.

1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला रबराच्या व्हल्कनायझेशनचा शोध लागला आणि उन्हाळ्यात चिकट, थंडीत ताठ होणारे रबर धाग्याच्या कामाचे झाले. त्यावर सूत किंवा रेशीम गुंडाळून लवचिक मोजे बनू लागले. रबर छान ताणले जाते, पण टिकत नाही. ऊन, हवेतला ओझोन, घाम, तेल यांनी त्याच्या रेणूसाखळ्या तुटतात, धागा चिरतो. 1918 मध्ये अमेरिकेत आलेल्या 'एस' बँडेजचे नावच 'ऑल कॉटन इलॅस्टिक' या शब्दांवरून पडले, म्हणजे बिनरबराचे! वापरून सैल झालेली अशी सुती पट्टी कोमट पाण्यात धुतली की पीळ पुन्हा आखडतो. रबराला ही सोय नाही.

1958 मध्ये ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्सने स्पॅन्डेक्स तयार केला. आता लवचिकता रेणूतच होती : मऊ भाग उलगडतात, कठीण भाग बांधून ठेवतात. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी तो परततो; घाम-तेलाला रबरापेक्षा चांगला टिकतो. क्लोरीनच्या ब्लीचपासून मात्र जपावे लागते.

हे सारे कशासाठी? लाप्लासच्या सूत्रानुसार पट्टीखालचा दाब ताण आणि थरांच्या संख्येबरोबर वाढतो, पायाचा घेर आणि पट्टीची रुंदी वाढली की घटतो. घोट्यावर 40 मिमी पारा दाब ठेवून बांधलेल्या पट्टीचा ताण निम्मा झाला, तर दाब 20 वर येतो. पट्टी बाहेरून तशीच दिसते. जखम मात्र भरायची थांबू शकते.

जास्त ताणणारी पट्टी चांगली, असे समजू नका. कमी ताणणारी सुती पट्टी चालताना फुगणाऱ्या पोटरीला अडवते, म्हणून तेव्हा दाब चढतो आणि झोपल्यावर उतरतो. स्पॅन्डेक्सची पट्टी झोपेतही दाबतच राहते. पायाचा रक्तपुरवठा मुळात कमी असलेल्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते.