बाल्टिमोरचें विद्यापीठ आणि दात्यांच्या अटी

विद्यापीठ म्हटलें कीं आपल्याकडील मनुष्याला प्रथम परीक्षा आठवते. यांत त्याचा दोष नाहीं. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडनच्या विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि प्रारंभीं कित्येक वर्षें त्याचें काम येवढेंच होतें कीं, मुलांनीं कॉलेजांतून शिकून यावें, विद्यापीठानें त्यांची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होतील त्यांच्या हातीं पदवीचा कागद द्यावा. शिकविणें हें विद्यापीठाचें काम नव्हतें. आणि नवें ज्ञान शोधून काढणें, हें तर नव्हतेंच नव्हतें. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. सारें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें, आणि इतरांचीं मुलें मात्र विद्यापीठाकडे धाडलीं. "मास्तर, तेथें नेमकें करतात तरी काय हो?" असें एखाद्या पालकानें विचारलें, तर "परीक्षा घेतात" असें सांगून मी मोकळा होत असें. हें उत्तर किती अपुरें आहे तें निवृत्तीनंतर, वाचनाला सवड मिळाल्यावर कळलें. ज्या संस्थेच्या इतिहासामुळें तें कळलें, तिची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. ती संस्था म्हणजे अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरचें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठ.

हें विद्यापीठ सरकारनें काढलेलें नाहीं. तें खाजगी आहे. अर्थात् कोणी तरी पैसा दिला म्हणून तें उभें राहिलें. आणि पैसा देणारा मनुष्य कांहीं ना कांहीं अट घालतोच. उघड घालीत नसला तर मनांत धरतो. या विद्यापीठाच्या दीडशें वर्षांत पैशाबरोबर ज्या अटी आल्या, त्यांतील एकीनें त्याला जवळजवळ बुडविलें आणि दुसरीनें त्याचें नांव जगभर केलें. माझा आजचा रोख या अटींकडे आहे.

मूळ पुरुष जॉन्स हॉप्किन्स हा १७९५ सालीं मेरीलंड प्रांतांत तंबाखूची शेती करणाऱ्या एका क्वेकर कुटुंबांत जन्मला. 'जॉन्स' हें त्याचें विचित्र पाळण्यांतील नांव म्हणजे मुळांत त्याच्या पणजीचें माहेरचें आडनांव. पुढें अनेकांनीं त्यांतला शेवटचा 'स' गाळून त्याला निष्कारण छळलें आहे. शाळा लहानपणींच सुटली. सतराव्या वर्षीं तो बाल्टिमोरला चुलत्याच्या घाऊक किराण्याच्या पेढीवर आला. तेथें चुलतबहिणीवर त्याचें मन जडलें; परंतु क्वेकर पंथांत असा विवाह निषिद्ध. दोघेंहि जन्मभर अविवाहित राहिलीं. पुढें त्यानें भावांसह स्वतंत्र व्यापार मांडला. खेडुतांकडे रोकड नसे, म्हणून मालाच्या मोबदल्यांत हा गृहस्थ त्यांची व्हिस्की घेई आणि ती आपल्या नांवानें विकी. त्यावरून पंथानें त्याला कांहीं काळ बहिष्कृतहि केलें होतें. मग सावकारी आली, पेढ्या आल्या, आणि सर्वांत मोठा डाव म्हणजे बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचे शेअर. १८७३ सालच्या डिसेंबरांत तो वारला तेव्हां त्यानें सत्तर लाख डॉलर मागें ठेवले होते: निम्मे विद्यापीठाला, निम्मे रुग्णालयाला. अमेरिकेंत तोंपर्यंत कोणीं येवढें दान केलें नव्हतें.

आतां अटी पाहा. रुग्णालयाविषयीं त्यानें स्पष्ट लिहिलें होतें कीं, शहरांतील गरीब रोग्यांना वय, लिंग व वर्ण न पाहतां तेथें घ्यावें. विद्यापीठानें काय शिकवावें, कोणाकडून शिकवावें, कोणता धर्म पाळावा, याविषयीं मात्र अक्षरहि नाहीं. एक सल्ला तेवढा होता: रेल्वेचे शेअर विकूं नयेत, ते ठेवून त्यांच्या उत्पन्नावर काम चालवावें. विद्यापीठाच्या वाट्याला त्यांपैकीं १५,००० शेअर आले होते. धन्याचा व्यापारी अनुभव मोठा. विश्वस्तांनीं तो सल्ला शिरसावंद्य मानला.

ते बारा विश्वस्त बहुतेक व्यापारी, वकील असे गृहस्थ होते. आपल्याला यांतलें कळत नाहीं हें त्यांना कळत होतें, आणि माझ्या मतें हेंच त्यांचें मोठेपण. त्यांनीं हार्वर्ड, कॉर्नेल व मिशिगन येथील अध्यक्षांचा सल्ला घेतला; तिघांनींहि एकच नांव सांगितलें, डॅनियल कोइट गिल्मन. गिल्मन त्या वेळीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांनीं विश्वस्तांना सांगितलें कीं, आणखी एक कॉलेज काढावयाचें असेल तर त्याची गरज नाहीं. ज्यांचें शिक्षण पुरें झालें आहे अशांना पुढें शोध करावयास शिकवील अशी जागा या देशांत नाहीं, ती करूं या. त्या काळीं अशा शिक्षणासाठीं अमेरिकन तरुण जर्मनीस जात असत.

२२ फेब्रुवारी १८७६ रोजीं गिल्मन यांनीं अधिकार ग्रहण केला. इमारतींसाठीं त्यांनीं पैसा जवळजवळ खर्चलाच नाहीं. शहराबाहेर धन्याची विस्तीर्ण बाग पडलेली असतां, भर वस्तींतील दोन जुन्या राहत्या घरांत विद्यापीठ सुरू झालें. पैसा लावला तो माणसांवर. गणिताला आणले ते इंग्लंडचे सिल्व्हेस्टर. केंब्रिजच्या परीक्षेंत दुसरे आलेले, पण ज्यू म्हणून तेथील धर्ममतांवर सही करीनात, त्यामुळें पदवी नाकारलेले. या वेळीं ते साठी उलटलेले होते. (साठीनंतर मनुष्य कामांतून गेला असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें!) पगार सोन्यांत मोजून मिळावा असा त्यांचा आग्रह होता आणि त्यावर बऱ्याच वाटाघाटी झाल्या. पदार्थविज्ञानाला घेतले ते रोलंड, वय सत्तावीस. त्यांचा निबंध अमेरिकेंतील नियतकालिकानें परत केला होता, आणि इंग्लंडांत मॅक्सवेल यांनीं तो छापवून आणला होता. या रोलंडनीं पुढें धातूच्या आरशावर एका इंचांत चौदा हजारांहून अधिक रेषा ओढणारें यंत्र केलें. प्रकाशाचे रंग तपासणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना तें वरदान झालें. रसायनाला रेमसेन. त्यांच्या प्रयोगशाळेंत १८७९ सालीं फालबर्ग नांवाचा संशोधक हात न धुतां जेवावयास बसला, भाकरी गोड लागली, आणि सॅकरिन सांपडलें! फालबर्गनें पेटंट मात्र एकट्याच्या नांवानें घेतलें, तें रेमसेन यांना जन्मभर सललें.

परंतु मला सर्वांत मोठी वाटते ती विद्यार्थ्यांसाठीं केलेली योजना. दरसाल पांचशें डॉलरच्या वीस पाठ्यवृत्त्या जाहीर झाल्या. पैसे घेऊन शिकवावयाचें सोडून पैसे देऊन शिकावयास बोलावणें! ही तरुण मंडळी एका टेबलाभोंवतीं गुरूबरोबर बसत, मूळ कागद चाळीत, एकमेकांचे निबंध फाडून काढीत. या पद्धतीला तिकडे सेमिनार म्हणतात. १८७८ सालीं गणिताचें नियतकालिक निघालें, त्याच वर्षीं विद्यापीठाचें प्रकाशनमंदिर निघालें, आणि त्याच वर्षीं पहिले चार पीएच्. डी. बाहेर पडले.

या टेबलाशीं बसलेल्यांपैकीं एक जॉन ड्यूई. त्यांना येथें १८८४ सालीं पीएच्. डी. मिळाली. पुढें ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवूं लागले. आणि १९१३ ते १९१६ या काळांत त्यांच्या वर्गांत मुंबईहून आलेला एक तरुण बसत असे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ड्यूईंच्या विचारांचा ठसा बाबासाहेबांच्या लेखनावर अखेरपर्यंत राहिला. बाबासाहेबांचा तेथील खर्च चालला तोहि एका पाठ्यवृत्तीवरच, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या. तिलाहि अट होती: परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी. ते १९१७ सालीं अट पाळावयास बडोद्यास गेले, आणि अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हां बाल्टिमोरकडे परत वळूं. तेथेंहि दार सर्वांना उघडें नव्हतें. विश्वस्तांपैकीं एकाची मुलगी, केरी थॉमस, १८७७ सालीं दाखल झाली. पण वर्गांत बसूं देईनात, म्हणून ती निघून गेली आणि झुरिक येथें पंडिता झाली. क्रिस्टीन लॅड हिला सिल्व्हेस्टर यांच्या आग्रहामुळें प्रवेश मिळाला. १८८२ सालीं तिनें पीएच्. डी. चें सारें काम पुरें केलें. पदवी कधीं मिळाली? १९२६ सालीं, तिच्या वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं. विद्यापीठाचा पन्नासावा वाढदिवस होता, तेव्हां आठवण झाली.

इकडे रेल्वेची अवस्था बिघडत चालली. १८८७ च्या सुमारास शेअरवरील व्याज घसरलें आणि लवकरच बंद पडलें. ज्या सल्ल्याला विश्वस्त वेदवाक्य मानीत होते, त्यानें विद्यापीठाच्या गळ्याला फांस लावला. विद्यार्थ्यांचें शुल्क वाढविण्यांत आलें. त्या वाढीची झळ कोणाला लागली पाहा: केली मिलर हा येथें घेतलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १८८७ पासून गणित व ज्योतिष शिकत होता. वाढीव शुल्क परवडेना, म्हणून तो १८८९ मध्यें पदवीवांचून निघून गेला. पुढें तो हॉवर्ड विद्यापीठांत नामांकित प्राध्यापक झाला, पण तें श्रेय बाल्टिमोरचें नव्हे.

रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. वैद्यकाचे मोठमोठे अध्यापकहि नेमले गेले: वेल्श, ऑस्लर, हॉल्स्टेड, केली. परंतु वैद्यकीय विद्यालय काढावयास पैसाच उरला नव्हता. अशा वेळीं पांच स्त्रिया पुढें आल्या. बहुतेक विश्वस्तांच्याच कन्या. झुरिकहून पंडिता होऊन आलेली केरी थॉमस त्यांत होती, आणि तिची मैत्रीण मेरी गॅरेट ही ज्या रेल्वेनें विद्यापीठ बुडविलें, तिच्याच माजी अध्यक्षांची मुलगी. त्या म्हणाल्या, पैसा आम्ही जमवितों. अट एकच, स्त्रियांना पुरुषांच्याच नियमांनीं प्रवेश द्यावा. एक लाख डॉलर जमले. विश्वस्त म्हणाले, पांच लाख लागतील. त्यांना वाटलें असेल, प्रकरण मिटलें. परंतु १८९२ च्या डिसेंबरांत गॅरेटबाईंनीं उणे पडलेले ३,०६,९७७ डॉलर स्वतः भरले, आणि अटी वाढविल्या! येणारा विद्यार्थी पदवीधर असला पाहिजे, त्याचा शास्त्रांचा अभ्यास झालेला पाहिजे, फ्रेंच व जर्मन वाचतां आलें पाहिजे. त्या काळीं अमेरिकेंत शाळेचा पुरता दाखला नसलेला मनुष्यहि पैसे भरून डॉक्टर होऊं शके. अटी इतक्या कडक होत्या कीं, आपण अध्यापक म्हणून आलों हें नशीब, विद्यार्थी म्हणून कोणीं घेतलें नसतें, असें ऑस्लर वेल्शना म्हणाल्याचें सांगतात.

१८९३ सालीं विद्यालय उघडलें. पहिल्या वर्गांत अठरा विद्यार्थी, त्यांत तीन स्त्रिया. ऑस्लर त्यांना व्याख्यानमंदिरांतून उठवून रोग्याच्या खाटेशीं घेऊन गेले. हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहांत रबरी हातमोजे आधींच आले होते. औषधी पाण्यानें एका परिचारिकेच्या हातांची कातडी सोलत असे म्हणून ते करविले, आणि पुढें त्याच परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. १९१० सालीं फ्लेक्स्नर यांनीं अमेरिका व कॅनडांतील १५५ वैद्यकीय विद्यालयें पाहून अहवाल लिहिला, तेव्हां नमुना म्हणून दाखविलें तें हेंच. पुढें अनेक वाईट विद्यालयें बंद झालीं. त्यांबरोबर कृष्णवर्णीयांच्या सातांपैकीं पांच बंद झालीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

इतिहास शिकविणाऱ्यानें आवडत्या संस्थेचे कागदहि तितक्याच कठोरपणें वाचावे. जॉन्स हॉप्किन्स गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता आणि त्याच्या वडिलांनीं १८०७ मध्येंच गुलाम मुक्त केले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. २०२० च्या डिसेंबरांत विद्यापीठानेंच जाहीर केलें कीं, १८४० च्या खानेसुमारींत त्याच्या घरांत एक आणि १८५० च्या खानेसुमारींत चार गुलाम नोंदलेले आहेत. या नोंदींचा अर्थ कसा लावावा यावर संशोधकांत वाद झडले. परंतु संस्थेनें आपल्याच मूळ पुरुषाची वही उघडून लोकांपुढें ठेवली, याला मी गिल्मन यांच्या शिकवणीचें फळ म्हणतों. रुग्णालयांतील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णेची गोष्टहि अशीच. १९५१ सालीं तिच्या अर्बुदांतील पेशी तिला न विचारतां घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळांतून वाढत राहिल्या आणि पोलिओच्या लशीपासून असंख्य कामीं आल्या. घरच्यांना कित्येक वर्षें पत्ताहि नव्हता. वर्ण न पाहतां रोगी घ्यावा ही दात्याची अट पाळली गेली होती. रोग्याला विचारावें, ही अट कोणीं घातलेली नव्हती.

यानंतरच्या काळांत दाते बदलले. येथेंच १९६४ सालीं पदवीधर झालेले मायकेल ब्लूमबर्ग यांनीं २०१८ मध्यें १८० कोटी डॉलर दिले, तेहि एका अटीवर: पहिल्या पदवीसाठीं मुलगा निवडतांना त्याच्या घरची ऐपत पाहूं नये. गॅरेटबाईंना ही अट आवडली असती. परंतु सर्वांत मोठा दाता झाला तो सरकार. दुसऱ्या महायुद्धापासून संशोधनाचा खर्च अमेरिकन सरकारच्या तिजोरींतून येऊं लागला, आणि १९७९ पासून संशोधनावर सर्वाधिक खर्च करणारें अमेरिकन विद्यापीठ म्हणून याचेंच नांव पहिलें लागत आलें. मग २०२५ च्या मार्च महिन्यांत परदेशी मदतीच्या सरकारी खात्याकडून येणारे ८० कोटी डॉलर एकाएकीं बंद झाले. दोन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. त्यांपैकीं बाल्टिमोर व अमेरिकेंतील अडीचशेंच्या आंत. बाकीचे सारे चव्वेचाळीस परदेशांत काम करणारे लोक होते.