सिंधुसंस्कृतीचा कालनिर्णय आणि कोळशाची साक्ष

सिंधुसंस्कृतीच्या नगरांचा एकहि लेख आपणांस वाचतां येत नाहीं. मुद्रांवरील लिपि अद्याप उलगडलेली नाहीं. त्यामुळें शिलालेख, ताम्रपट व नाणीं यांवरून कालनिश्चय करण्याची आपली नेहमींची रीत तेथें चालत नाहीं. या नगरांचा काळ आजवर चार वेळां ठरविला गेला. तो कोणत्या पुराव्यानें बदलला व त्यापासून संशोधकानें काय घ्यावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

सर जॉन मार्शल यांनीं हा शोध इ. स. १९२४ त जाहीर केला आणि १९३१ च्या ग्रंथांत मोहेंजो-दडोचा काळ इ. स. पू. ३२५० ते २७५० असा दिला. त्यांचा मुख्य आधार इराक व इराण येथील प्राचीन वस्तूंशीं असलेलें साम्य हा होता. पुढें ऊर, किश व तेल अस्मर येथें सांपडलेल्या सिंधुपद्धतीच्या मुद्रांचा विचार करितां, त्यांपैकीं अनेक अक्कडच्या सार्गोन राजाच्या काळाच्या आसपास पडतात असें दिसलें. तेव्हां सर मॉर्टिमर व्हीलर यांनीं, हडप्पा येथील १९४६ च्या उत्खननानंतर, इ. स. पू. २५०० ते १५०० ही मर्यादा सुचविली.

या मर्यादेचीं दोन टोकें एकाच मोलाचीं नव्हतीं. वरचें टोंक मुद्रांवर उभें होतें. खालचें टोंक मात्र आर्यांच्या आगमनाचा काळ इ. स. पू. १५०० च्या सुमारास धरून, इंद्राचें पुरंदर हें नांव व मोहेंजो-दडोच्या वरच्या थरांतील अस्ताव्यस्त सांगाडे यांची सांगड घालून बसविलेलें होतें. म्हणजे नगरांचा अंत आर्यांनीं केला असें गृहीत धरून अंताचा काळ काढावयाचा, आणि त्या काळावरून आर्यांवर नगरनाशाचा आरोप ठेवावयाचा, असा हा अन्योन्याश्रय होता.

इ. स. १९४९ त विलर्ड लिबी यांनीं कर्ब-१४ ची पद्धति पुढें आणली. विश्वकिरणांमुळें वातावरणांत किरणोत्सर्गी कर्ब उत्पन्न होतो. वनस्पति व प्राणी जिवंत असेपर्यंत तो त्यांच्या शरीरांत येत राहतो. मरणानंतर आवक थांबते व सांठा ठराविक गतीनें घटतो. सुमारें ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. तेव्हां जळक्या लाकडांत वा धान्यांत किती कर्ब-१४ उरला, यावरून मरणाचा काळ निघतो. लिबी यांनीं इजिप्तमधील ज्ञातकाल राजांच्या थडग्यांतील लाकडावर ही पद्धति पारखून पाहिली होती.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत कालीबंगा, लोथल इत्यादि ठिकाणचे नमुने तपासून धर्मपाल अग्रवाल यांनीं इ. स. १९६४ त इ. स. पू. सुमारें २३०० ते १७५० असा आंखूड काळ मांडला. त्याच वर्षीं जॉर्ज डेल्स यांनीं ते सांगाडे एका वेळच्या कत्तलीचे ठरत नाहींत, असें दाखविलें.

तथापि कर्बाचें वर्ष व पंचांगाचें वर्ष एक नव्हे. वातावरणांतील कर्ब-१४ चें प्रमाण सर्व काळीं सारखें नसतें. कॅलिफोर्नियांतील हजारों वर्षांच्या पाइन वृक्षांचीं कडीं मोजून, प्रत्येक कड्याचा कर्ब तपासला असतां हा फरक उघड झाला. हिजरी सनाचा इसवी सन काढतांना ठराविक आंकडा मिळवून चालत नाहीं, जंत्री पाहावी लागते. तद्वतच येथें वृक्षकड्यांवरून केलेली सारणी पाहावी लागते. ती लावतां प्रगल्भ सिंधुसंस्कृतीचा काळ इ. स. पू. सुमारें २६०० ते १९०० असा ठरतो. सार्गोनशीं समकालीनत्व कायम राहतें; मात्र नगरांचा अंत व्हीलर यांच्या तारखेच्या सुमारें ४०० वर्षें मागें जातो आणि इंद्रावरील आरोपाचा कालाधार निखळतो.

यावरून तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, कर्बाचा काळ नमुन्याच्या मरणाचा असतो, घटनेचा नव्हे. जुन्या वृक्षाच्या गाभ्याची तुळई घरापेक्षां शंभर वर्षें जुनी निघूं शकते. म्हणून एका हंगामांत पिकलेलें धान्य अधिक विश्वसनीय. दुसरी, आंकड्यापुढील अधिक-उणें चिन्ह हा निर्णयाचाच भाग होय. खरा काळ त्या मर्यादेंत असण्याचा संभव सुमारें तीनांत दोन इतकाच असतो. तिसरी, नमुना कोणत्या थरांतून निघाला याची नोंद नसेल, तर प्रयोगशाळेचा सूक्ष्म आंकडाहि व्यर्थ जातो.

सारांश, कोळसा हा निःपक्षपाती साक्षीदार खरा. परंतु त्यास विचारलें तेवढेंच तो सांगतो. मुद्रा, थर व कर्ब हे तिन्ही पुरावे स्वतंत्रपणें एका ठिकाणीं आले म्हणजेच काळ निश्चित झाला असें म्हणावें. जो काळ आपल्याच सिद्धान्तांतून काढला, तो त्याच सिद्धान्तास पुरावा म्हणून पुढें करूं नये.