सारसेनिक : आपल्याला न विचारता ठेवलेले नाव

मागच्या वर्षी नववीच्या मुलींना घेऊन मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला गेले होते. बाहेरच्या बागेत उभे राहून आम्ही घुमट बघत होतो. मी नेहमीच्या सवयीने सांगून टाकले, "ही इंडो-सारसेनिक शैली." एका मुलीने विचारले, "टीचर, इंडो समजलं. सारसेनिक म्हणजे?"

"म्हणजे मुसलमानी," मी म्हटले.

"पण आपण तर कुणीच असं म्हणत नाही. ना घरी, ना मदरशात."

मुलीचे बरोबर होते. मी बी.एड. करताना हा शब्द पाठ केला होता, पण तो कुणाचा, कुठला, हे कधी पाहिले नव्हते. घरी येऊन शोधायला बसले, तेव्हा कळले की 'सारसेन' हा शब्द इस्लामपेक्षाही जुना आहे.

दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी सिनाईच्या उत्तर भागातील एका प्रदेशाला 'सारकेने' म्हणतो आणि 'सारकेनोई' नावाच्या लोकांचाही उल्लेख करतो. हे नाव मुळात कशावरून आले यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. कुणी अरबीतील 'शर्क' म्हणजे पूर्व याच्याशी ते जोडतात, कुणी चोरीच्या 'सरक'शी. चौथ्या शतकातील रोमन इतिहासकार अम्मियानुस लिहितो की, ज्यांना पूर्वी तंबूत राहणारे अरब म्हणत, त्यांनाच आता सारसेन म्हणतात. ते लोक मात्र स्वतःला आपापल्या टोळीच्या नावाने ओळखत होते : तनूख, गस्सान, कुरैश.

नावाला विष लागले ते पुढे. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा जेरोम बेथलेहेममध्ये राहत असे. त्याने लिहिले की, हे लोक खरे तर दासी हाजराचे वंशज, पण सारा बीबीच्या नावावरून स्वतःला खोटेच सारसेन म्हणवतात. जेरोम ४२० च्या सुमारास वारला. हजरत पैगंबरांचा जन्म व्हायला तेव्हा अजून दीडशे वर्षे होती. ज्यांनी हे नाव कधी घेतलेच नव्हते, त्यांच्यावर ते चोरल्याचा आरोप आधीच लागला होता. आठव्या शतकात दमिश्कच्या योहानाने त्याचा आणखी एक अर्थ लावला : साराने रिकाम्या हाताने घालवलेले लोक. गंमत अशी की, या योहानाचे घराणे उमय्या खलिफांच्या दरबारात वसुलीचे काम पाहत होते. त्याला अरब परके नव्हते.

हे वाचताना मी थोडी थांबले. ज्या हाजरा बीबीच्या नावाने टोमणा मारला गेला, तिच्याच धावपळीची आठवण म्हणून आपण हजमध्ये सफा-मरवाच्या सात फेऱ्या घालतो. राजे, विद्वान, व्यापारी, सगळे एका दासीच्या पावलांवर पाऊल ठेवून चालतात. लिहिणाऱ्याला जी हीनता वाटली, ती आपल्याकडे इबादत आहे.

१०९५ नंतर धर्मयुद्धे सुरू झाली आणि हा शब्द युरोपभर पसरला. फ्रेंच वीरकाव्य 'रोलाँचे गीत' यात सारसेन मूर्ती पूजतात, आणि त्या मूर्तींपैकी एक चक्क 'माहोमेत' आहे! त्या काव्यातील लढाई ७७८ मध्ये खरोखर झाली होती, पण शार्लमेनच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला करणारे बास्क लोक होते. तेही ख्रिस्ती. कवीने त्यांच्या जागी सारसेन उभे केले. 'किंग हॉर्न' या जुन्या इंग्रजी काव्यात समुद्रातून येऊन लूटमार करणाऱ्या टोळ्यांनाही सारसेन म्हटले आहे, आणि त्यांचे वागणे मात्र व्हायकिंगांसारखे आहे. म्हणजे 'सारसेन' याचा अर्थ 'जो आपला नाही तो' एवढाच उरला. स्टोनहेंजच्या अजस्र शिळांना 'सार्सन' म्हणतात. तो शब्दही यातूनच आला असे मानले जाते. दगडसुद्धा काफर ठरले! त्याच वेळी 'सार्सनेट' हे एका तलम रेशमी कापडाचे नाव होते. माणूस नकोसा, कापड हवेसे.

एकोणिसाव्या शतकात हे विशेषण भारतात आले. जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या ग्रंथात आपल्याकडील मशिदी-मकबऱ्यांसाठी 'इंडियन सारसेनिक' असा वेगळा विभाग केला. ब्रिटिश वास्तुकार त्याच धर्तीवर नव्या इमारती बांधू लागले, तेव्हा 'इंडो-सारसेनिक' हे नाव रूढ झाले. आम्ही पाहत होतो ती इमारत जॉर्ज विटेटची. पायाभरणी १९०५ ची, लोकांसाठी खुली झाली १९२२ मध्ये. दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा, झरोके राजपूत धाटणीचे आणि घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला.

आता गोल घुमट कुणाचा? मुहम्मद आदिलशाहाचा. त्याचा बाप दुसरा इब्राहीम दखनीत 'किताब-ए-नवरस' लिहितो आणि त्यात सरस्वतीची स्तुती करतो. त्या दरबाराचे कागद फारसीबरोबर मराठीतही लिहिले जात. आपल्याच दख्खनच्या मातीतला हा घुमट, पण त्याला सिनाईच्या वाळवंटातले नाव. आणि ते नाव तिथल्या लोकांनीही कधी लावून घेतलेले नाही.

पण सगळा दोष इंग्रजांवर टाकून मोकळे होता येत नाही. सय्यद अमीर अली आपलेच, कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांनी १८९९ मध्ये अरबांचा इतिहास लिहिला, इंग्रजीत, आणि नावात 'सारसेन' हाच शब्द घेतला. इंग्रज वाचक ज्या दारातून आत येईल, तेच दार त्यांनी उघडे ठेवले. आत मात्र कॉर्डोबा आणि बगदादच्या विद्येची हकीकत मांडून ठेवली.

आणि आपण? अरबांनी युरोपातून आलेल्या सगळ्यांनाच 'फ्रँक' करून टाकले. त्याचाच फारसीतून 'फिरंगी' झाला. आजही आपण तो हसत वापरतो. इंग्रजी कवीने लुटारूंना सारसेन म्हटले, तर अंदलुसच्या अरब लेखकांनी व्हायकिंगांना 'मजूस' म्हणजे अग्निपूजक म्हटले. दोघांनीही आपल्या अज्ञानाला आपल्याजवळचे नाव दिले. मराठीत 'यवन' हा मूळचा ग्रीकांसाठीचा शब्द. कार्ल्याच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे सन्मानाने कोरलेली आहेत. पुढे तोच शब्द मुसलमानांना चिकटला. 'अविंध' तर कान न टोचलेला. कानावरून माणूस ओळखायचा!

इतिहास शिकवताना हे शब्द टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. जुन्या कागदात 'यवन' आहे तर तो तसाच वाचावा. पण तो कुणी लिहिला आणि ज्याच्याबद्दल लिहिला तो स्वतःला काय म्हणत होता, हे दोन प्रश्न मुलांना विचारायला शिकवावे. माझ्या विद्यार्थिनीने ते मला शिकवले.

सोमवारी वर्गात गेल्यावर मी तिला हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, परीक्षेत काय लिहायचं?"

"इंडो-सारसेनिकच लिही," मी म्हटले, "आणि पुढे लिही, घुमट विजापूरसारखा."